सुरतेचा कॉर्नेट आणि लंडनचा 'कोंकण डान्स'

सुरत म्हटली की मराठी माणसाला आधी काय आठवते? शिवाजी महाराज, १६६४ ची पहिली स्वारी आणि १६७० ची दुसरी. शाळेच्या पुस्तकात सुरत येते ती एवढ्यापुरतीच आणि मग आपण ती विसरून जातो. फार तर जरीची साडी घेताना पुन्हा आठवण होते! पण संगीताच्या इतिहासातही सुरतेचे एक लहानसे पान आहे, आणि ते पान गोव्याच्या पानाशेजारी ठेवून वाचले की आपल्याच घरातली एक गोष्ट उलगडते. आजचा विषय तोच. सुरुवात सुरतेत आहे, शेवट लंडनमधल्या एका तबकडीत आहे, आणि मधला सगळा प्रवास आपल्या गोव्याचा आहे.

१६१२ च्या सप्टेंबरात कप्तान टॉमस बेस्ट याची इंग्रजी जहाजे सुरतेला आली. वर्ष संपायच्या आत सुवालीच्या समुद्रात पोर्तुगीजांशी त्यांची चकमक झाली. हे पोर्तुगीज आरमार होते गोव्याचे. इंग्रजांनी ते परतवले, त्यांचे वजन वाढले आणि सुरतेत त्यांची वखार बसली. एवढे आपण इतिहासात वाचतो. मात्र या मोहिमेबरोबर दोन वादकही आले होते, हे सहसा कोणी सांगत नाही.

इंग्लंडच्या राजाचे पत्र आणि नजराणे घेऊन पॉल कॅनिंग नावाचा माणूस १६१३ मध्ये सुरतेहून आग्र्याला जहांगीर बादशहाकडे गेला. त्याच्याबरोबर हे दोघे होते. लॅन्सलॉट कॅनिंग व्हर्जिनल्स वाजवायचा. व्हर्जिनल्स म्हणजे पियानोची पणजीच म्हणा ना, लाकडी पेटीत तारा आणि पुढे पट्ट्या. दुसरा रॉबर्ट ट्रली. तो कॉर्नेट वाजवायचा. हा कॉर्नेट म्हणजे आपल्या बँडवाल्यांचे पितळी कॉर्नेट नव्हे. ती एक बाकदार लाकडी नळी असे, वरून चामड्याने मढवलेली आणि बोटांसाठी भोके पाडलेली.

पुढचा किस्सा निकोलस विदिंग्टन या इंग्रज कारकुनाने लिहून ठेवला आहे. (कारकुनांनी लिहून ठेवले नसते तर जगाचा अर्धा इतिहास बुडाला असता, हे मी माझ्या पेशाच्या अभिमानाने सांगतो!) व्हर्जिनल्सचा तो बारीक किणकिणाट दरबारात कोणाला भावला नाही. लॅन्सलॉट थोड्याच दिवसांत वारला, आणि लोक म्हणू लागले की अपमान मनाला लावून घेऊन गेला. ट्रलीचा कॉर्नेट मात्र बादशहाला भलताच आवडला. जहांगीराने आपल्या कारागिरांकडून तसे कॉर्नेट करवून घेतले, पण ते काही नीट वाजेनात. एका दरबारी वादकाला ट्रलीकडे शिकायला बसवले. तो बिचारा काही आठवड्यांत शिकलाही, पण लगेच आजारी पडून मेला. ट्रलीच्या हाती बक्षीस पडले ते अगदीच बेताचे. पुढे तो नशीब काढायला दख्खनेत गेला आणि तिथे मुसलमान झाला. तिथे त्याच्या कॉर्नेटची कहाणी संपली.

गोव्याच्या बाजूला काय चालले होते? जहांगीराचा बाप अकबर याने १५७० च्या दशकात हाजी हबीबुल्लाला गोव्याला धाडले होते. फिरंग्यांच्या चांगल्या वस्तू आणि कसबे घेऊन ये, असा हुकूम होता. हाजी परतला तो इतर चिजांबरोबर एक ऑर्गन घेऊन. बदायुनी या दरबारी इतिहासकाराने त्याचे वर्णन केले आहे. माणसाच्या उंचीची मोठी पेटी, आत बसून वाजवणारा फिरंगी आणि भाता हलवणारे मदतनीस. लोक तोंडात बोट घालून बघत राहिले. पण तोही नजराणाच. दरबाराने ऐकला, नवल केले आणि सोडून दिला.

म्हणजे मोगल दरबारात पाश्चात्त्य वाद्य गोव्याच्या दारानेही आले आणि सुरतेच्या दारानेही. दोन्ही वेळा ते रुजले नाही. गोव्यात मात्र तेच वाद्य असे रुजले की चारशे वर्षांनी उपटायचे म्हटले तरी उपटणार नाही. का बरे?

याचे उत्तर राजदरबारात शोधून सापडायचे नाही, ते चर्चच्या शाळेत आहे. सोळाव्या शतकापासून गोव्यात चर्चला जोडून शाळा सुरू झाल्या. त्यांना 'एस्कोला पारोकियाल' म्हणत. तिथला गुरुजी म्हणजे 'मेस्त'. तो पोरांना प्रार्थना शिकवी, आणि त्याबरोबर सॉल्फेज, म्हणजे स्वरलेखन बघून गायला शिकवी. मग व्हायोलिन. फादरला मिससाठी गाणारे आणि वाजवणारे हवेत, ही गरज साधी होती. पण त्या गरजेपायी सासष्टी, बार्देश, तिसवाडीतल्या शेतकऱ्याच्या, रेंदेराच्या आणि सुताराच्या पोराला पाच रेघांवरची ती मुंग्यांसारखी अक्षरे वाचता येऊ लागली. आग्र्याच्या दरबारी वादकाला एका माणसाने पाच-सहा आठवडे शिकवले, शिष्य मेला आणि विद्या संपली. गोव्यात गावोगाव शाळा होती. एक मेस्त मेला तर दुसरा उभा राहत असे.

हे सगळे राजीखुशीने झाले असे मी म्हणत नाही. धर्मांतरे, देवळे पाडणे आणि इन्क्विझिशन, हा त्याच इतिहासाचा भाग आहे. आमच्या पूर्वजांनी देव उचलून अंत्रुज महालात नेले ते हौसेने नेले नाहीत. पण जखमेचा इतिहास खरा आहे म्हणून त्या पोरांच्या बोटांत आलेली विद्या खोटी ठरत नाही.

सुरतेत असे घडले नाही. तिथे ख्रिस्ती धर्म होता, पाद्रीही होते. फ्रेंच प्रवासी बर्निये लिहितो की, सुरतेच्या स्वारीत शिवाजी महाराजांनी फादर आंब्रोझ या कापुचिन पाद्र्याचे घर राखले होते. पण सुरतेतली ती ख्रिस्ती वस्ती मुख्यतः व्यापाऱ्यांची आणि वखारीतल्या माणसांची होती. ते आले, त्यांनी माल भरला, काहीजण तापाने मेले, आणि त्यांचे भव्य मकबरे आजही सुरतेत उभे आहेत. स्थानिक लोकांत मिशनचे काम सुरू झाले ते एकोणिसाव्या शतकात. १८४० च्या दशकात आयरिश प्रेस्बिटेरियन मिशनरी आले, आणि जे. व्ही. एस. टेलर यांनी गुजरातीत 'काव्यार्पण' हे भक्तिगीतांचे पुस्तक दिले. आपल्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी मराठीत अभंग-भजनाच्या वळणाने जे काम केले, त्याच जातीचे हे काम. तिथे ख्रिस्ती भजनाने देशी भाषेचे आणि देशी चालीचे कपडे घातले. गोव्यात आधी वाद्य आले आणि भाषा मागून आली. म्हणून वसईच्या पलीकडे ख्रिस्ती संगीताचा इतिहास शब्दांचा राहिला आणि गोव्यात तो वादकांचा झाला.

वादक झाले खरे, पण पोट कुठे भरायचे? गोव्यात तेव्हा काम नव्हते. मग बोटीने नाही तर रेल्वेने मुंबई गाठायची, धोबीतलावच्या आसपास आपल्या गावच्या 'कुडा'त खाट मिळवायची आणि व्हायोलिनची पेटी उशाशी ठेवून झोपायचे. कोणी पोलीस बँडात, कोणी मूकपटाच्या थिएटरात, कोणी ताजमहाल हॉटेलात. हळदोण्याचा आंतोनियो शावियर वाझ तिथे 'चिक चॉकलेट' झाला आणि ट्रम्पेटवर जॅझ वाजवू लागला. पुढे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मुंबईतल्या नाचगाण्याच्या जागांना उतरती कळा लागली आणि ही मंडळी अधिकाधिक सिनेमाच्या स्टुडिओंत शिरली.

तिथे त्यांचे काम काय होते हे सांगायलाच हवे, कारण ते पडद्यावरच्या नावांत सहसा दिसत नाही. संगीतकार पेटीवर चाल ऐकवी. ती चाल कागदावर उतरवायची, कुठे व्हायोलिनचा ताफा येणार, कुठे ट्रम्पेट आणि कुठे नुसता गिटार हे ठरवायचे, आणि चाळीस वादकांच्या पुढ्यात चाळीस कागद ठेवायचे. हे काम 'अरेंजर'चे, आणि हा अरेंजर बहुधा गोंयकार. सेबास्तियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट. सी. रामचंद्रांचा 'अलबेला' (१९५१) आठवा. त्यात चिक चॉकलेट आपल्या साथीदारांसह पडद्यावरही दिसतो! माजोर्ड्याच्या आंथनी गोन्साल्विस यांनी तर १९५८ मध्ये 'इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा' उभा करून झेवियर कॉलेजात कार्यक्रम केला. रागदारी आणि सिम्फनी यांना एका मंचावर आणायची त्यांची धडपड होती. लोक त्यांना ओळखतात ते १९७७ च्या सिनेमातल्या गाण्यातले नाव म्हणून. ते नाव शिष्याने, म्हणजे प्यारेलाल यांनी, गुरूची आठवण म्हणून तिथे घातले होते. खरा आंथनी गोन्साल्विस २०१२ मध्ये गोव्यात वारला. किती मराठी वर्तमानपत्रांनी त्याची दखल घेतली असेल?

आता येऊ मुख्य गोष्टीकडे.

अमान्सियो डिसिल्वा यांचा जन्म १९३६ चा, मुंबईचा. आईवडील गोव्याचे. गिटार हे त्यांचे वाद्य. देशात ठिकठिकाणी वाजवून, जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवींचा आश्रय मिळवून, १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते कुटुंबासह लंडनला गेले. तिथे एक वेगळाच खटाटोप आधीच चालू होता. कलकत्त्याचे जॉन मेयर आणि जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी १९६६ मध्ये 'इंडो-जॅझ स्वीट' ही तबकडी काढली होती. एका बाजूला जॅझवाले, दुसऱ्या बाजूला सतार, तंबोरा आणि तबला. त्या चमूत तबल्यावर बसले ते मुंबईत जन्मलेले केशव साठे. आपला मराठी माणूस! १९५० च्या दशकातच ते लंडनला गेले होते, आणि पुढची अनेक वर्षे तिथल्या जॅझ आणि लोकसंगीतवाल्यांना तबला लागला की साठ्यांनाच हाक जायची.

डिसिल्वा यांची 'इंटिग्रेशन' ही तबकडी १९६९ मध्ये आली. त्याच वर्षी जो हॅरियटबरोबर 'हम दोनो' आली. तीत एका रचनेचे नाव आहे 'बॅलड फॉर गोवा'. म्हणजे गोवा मुक्त होऊन जेमतेम आठ वर्षे झालेली, इथे विलीनीकरणाचा कौल होऊन दोन वर्षे झालेली, आपण मराठी की कोंकणी यावर भांडतो आहोत, आणि तिकडे लंडनमध्ये मुंबईत जन्मलेला एक गोंयकार गिटारवर गोव्याच्या नावाने एक रचना वाजवतो आहे. आपल्याला पत्ताही नाही.

आणि १९७२ मध्ये त्यांनी लंडनच्या लॅन्सडाउन स्टुडिओत आणखी एक आल्बम ध्वनिमुद्रित केला. निर्माता डेनिस प्रेस्टन. नाव 'कोंकण डान्स'. गिटारवर स्वतः डिसिल्वा. सॅक्सोफोन आणि बासरीवर डॉन रेंडेल, शिवाय अॅलन ब्रॅन्सकोम. सतारीवर क्लेम आल्फर्ड हा स्कॉटिश माणूस. आणि तबल्यावर केशव साठे. गंमत बघा, सतारीवर गोरा, तबल्यावर मराठी, गिटारवर गोंयकार, आणि तबकडीचे नाव कोंकण!

नावात कोंकण आहे म्हणून मांडो किंवा देखणी ऐकू येईल या अपेक्षेने मात्र बसू नका. हे जॅझच आहे. पण वाद्यांच्या या मेळात अवघड काय असते ते संगीत ऐकणाऱ्याला सांगायला हवे. आपला राग एका षड्जावर उभा असतो. तंबोरा सुरू झाला की मैफल संपेपर्यंत 'सा' हलत नाही. पाश्चात्त्य संगीतात पायाखालची जमीन दर दोन-चार मात्रांनी सरकते, त्यालाच ते कॉर्ड बदलणे म्हणतात. सतारियाला जमीन सरकलेली चालत नाही आणि पियानोवाल्याला एकाच जागी उभे राहून कंटाळा येतो. तालाचेही तसेच. तबलजी आवर्तनात विचार करतो, सम गाठतो. ड्रमवाला चार-चारच्या खणांत मोजतो. मग करायचे काय? दोघांनीही थोडे सोडायचे. जमीन थोडी स्थिर ठेवायची, कॉर्ड कमी करायचे आणि एकेका सप्तकावर जास्त वेळ रेंगाळायचे. गिटारला पडदे ठरलेले, पण तार बोटाने ओढली की मींडेच्या जवळ जाता येते. हा मधला रस्ता ज्याला दोन्ही घरांची सवय आहे त्यालाच सुचतो. ज्या घराण्यांनी चर्चमध्ये चार आवाजांचे गायन ऐकले आणि दाराबाहेर शिमग्याचा ढोल ऐकला, त्या गोव्याचा वारसा इथे कामाला आला, असे मला वाटते.

आपल्याकडचे घुमट घ्या. चवथीच्या आरतीत हिंदूच्या घरी घुमट, आणि मांडो म्हणताना ख्रिस्तावाच्या घरीही घुमटच, शेजारी व्हायोलिन. घोरपडीचे कातडे कायद्याने बंद झाले, बकऱ्याचे आले, २०१९ मध्ये सरकारने घुमटाला गोव्याचे वारसा वाद्य म्हणून जाहीर केले. पण त्याआधी किती पिढ्या ते दोन्ही अंगणांत वाजत होते! साठ्यांचा तबला आणि डिसिल्वांचा गिटार शेजारी बसले यात लंडनला नवल वाटले असेल, आपल्याला वाटायचे कारण नाही.

आता यातली खरी दुखरी बाब. 'कोंकण डान्स' १९७२ मध्ये ध्वनिमुद्रित झाला आणि बाजारात आलाच नाही. फिती तशाच पडून राहिल्या. नंतरच्या वर्षांत मॅक्लॉफलिन, झाकीर हुसेन आणि एल. शंकर यांचे 'शक्ती' आले, त्यांची पहिली तबकडी १९७६ मध्ये निघाली आणि जगाने हिंदुस्थानी संगीत व जॅझच्या मेळाला टाळ्या वाजवल्या. त्यांचे श्रेय त्यांना आहेच. पण त्याच वाटेवर आधी उमटलेले हे पाऊल कपाटात बंद होते. १९९६ मध्ये डिसिल्वा वारले. आणि २००६ मध्ये, म्हणजे ध्वनिमुद्रणानंतर ३४ वर्षांनी, 'व्होकॅलियन' या इंग्लंडमधल्या कंपनीने तो सीडीवर काढला. ज्याने वाजवले त्याला आपली तबकडी दुकानात बघायला मिळाली नाही. केशव साठे मात्र तेव्हा हयात होते. ते २०१२ मध्ये गेले.

मी आयुष्य फायलींत काढले आहे. कपाटात पडलेला कागद दहा-दहा वर्षे कसा पडून राहतो हे मला कोणी शिकवायला नको. बहुतेक वेळा त्यात कोणाचा दुष्टावा नसतो. ती फाईल आपल्या टेबलाची आहे असे कोणालाच वाटत नाही, एवढेच कारण असते. अमान्सियो डिसिल्वा यांचे तसेच झाले. इंग्रजांच्या दृष्टीने ते हिंदी. हिंदुस्थानी संगीतवाल्यांच्या दृष्टीने गिटारवाले. मुंबईच्या दृष्टीने देश सोडून गेलेले. आणि आपल्या, म्हणजे गोव्यातल्या मराठी वाचकांच्या दृष्टीने?

आपण मंगेशीचे दीनानाथ, केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई आणि लयभास्कर खाप्रुमाम पर्वतकर ही नावे देवघरातल्यासारखी जपली. जपायलाच हवीत. १९७७ मध्ये केसरबाईंचा आवाज व्हॉयेजर यानातून अंतराळात गेला, हे आपण पाहुण्याला पहिल्या चहाबरोबर सांगतो. पण चिक चॉकलेट, सेबास्तियन डिसोझा, आंथनी गोन्साल्विस आणि अमान्सियो डिसिल्वा ही नावे आपल्या संगीताच्या यादीत आपण घालतो का? 'ते त्यांचे संगीत' असे म्हणून मोकळे होतो. केसरबाईंच्या गावापासून चिक चॉकलेटचे गाव काही शेकडो मैलांवर नाही. बसने तासा-दीड तासाची वाट. तरी दोघांच्या आठवणी दोन वेगळ्या कपाटांत ठेवल्या आहेत, आणि एकाची किल्ली आपण कधी मागितलीच नाही.

उलट बाजूनेही तेच. मेस्तांची ती परंपरा आता फार थोड्या ठिकाणी उरली आहे. ख्रिस्ती घरातल्या पोरालाही आपला आजोबा कोणत्या सिनेमात व्हायोलिन वाजवत होता ते ठाऊक नसते. फोटोत एक कोटातला माणूस आणि माळ्यावर एक फुटकी पेटी, एवढेच. ती म्हातारी पिढी झपाट्याने चालली आहे. कला अकादमीत भारतीय संगीत आणि पाश्चात्त्य संगीत असे दोन्ही विभाग आहेत, ही चांगली गोष्ट आहे. पण एकाच छताखाली असणे वेगळे आणि एकमेकांचे ऐकणे वेगळे.

मग करायचे काय? मोठे काही सुचवायचा माझा अधिकार नाही. पण आपल्या वाड्यावर, आपल्या गल्लीत एखादा म्हातारा वादक असेल तर त्याच्याकडे जाऊन बसता येईल. कुठल्या शाळेत शिकलात, मेस्त कोण होता, मुंबईला कुठल्या कुडात राहिलात, कोणत्या गाण्यात वाजवलेत, हे मराठीत किंवा कोंकणीत, जमेल तसे लिहून घेता येईल. ट्रली आज आपल्याला माहीत आहे तो एका कारकुनाने चार ओळी लिहिल्या म्हणून. त्या ओळी सुंदर आहेत असे नव्हे, पण त्या आहेत.

आणि 'कोंकण डान्स' जरूर ऐका. पहिल्यांदा कदाचित आवडणार नाही. नाट्यसंगीतावर पोसलेल्या कानाला सॅक्सोफोन जरा आडदांड वाटतो. दुसऱ्यांदा ऐकताना लक्ष फक्त तबल्याकडे ठेवा, साठे कुठे सम धरतात ते बघा. तिसऱ्यांदा गिटार आपोआप ऐकू येईल.